सतरा नंबरचा गोलेम

१

पेटीत बारा फ्लॉप्या असायच्या, त्या शुक्रवारी दुपारी दहाच निघाल्या.

माझा भाचा मेइर पेटी उलटी करून, झटकून, पुन्हा सुलटी करून बघत होता. रेडिओ-टीव्ही दुरुस्तीच्या दुकानातून तो नुकताच घरी आला होता. शुक्रवार म्हणून अर्धा दिवस. अंगावर दुकानाचाच शर्ट, आणि तोंड असं उतरलेलं, की पोरगं सैन्यातून सुट्टीवर यायचं तेव्हासुद्धा मी तसं बघितलं नव्हतं.

दोन वर्षं संध्याकाळी खपून त्यानं एक गेम बनवला होता. समुद्रातला किल्ला, आणि किल्ला राखायला गोलेम. गोलेम म्हणजे मातीचा माणूस. त्याच्या तोंडात देवाच्या नावाची चिठ्ठी ठेवली की तो उठतो, दगड वाहतो, पाणी काढतो. चिठ्ठी काढली की पुन्हा मातीचा ढीग. असा सगळा गेम त्या हरवलेल्या दोन फ्लॉप्यांत, एक खरी आणि एक नक्कल, आणि दोन्ही एकाच पेटीत. रविवारी सकाळी दहाला पेताह तिक्वाच्या एका कंपनीत तो दाखवायचा होता. पसंत पडला तर नोकरी. नाही पडला तर सोमवारपासून बापाच्या ओळखीनं अश्दोदच्या बंदरात हमाली, असं घरात कबूल झालं होतं.

"मामा, कुणीतरी नेल्या," तो म्हणाला. हिब्रूतच म्हणाला. त्याला मराठी समजतं, पण उत्तर हिब्रूत येतं. आम्ही आता त्याबद्दल बोलायचं सोडलंय.

माझं नाव जॉशुआ थळकर. मुंबईला रेल्वेच्या लॉस्ट प्रॉपर्टी ऑफिसात बावीस वर्षं काढली. लोकांच्या छत्र्या, ट्रंका, कवळ्या, एकदा तर जिवंत बकरी, असं सगळं सांभाळलं आणि ज्याचं त्याला दिलं. इथं इस्रायलला आता शाळेच्या फाटकावर पोरांच्या पिशव्या तपासतो. म्हणून घरात काही हरवलं की माझी बहीण सिपोरा आधी मला हाक मारते. मी समोरच्याच ब्लॉकमध्ये राहतो.

"आधी जेवून घे. बाकीचं मागनं बघू," मी म्हटलं.

तेवढ्यात टेबलावरून अबाजी उठला आणि ताट तसंच टाकून गॅलरीत गेला. अबाजी म्हणजे मेइरचा बाप, सिपोराचा नवरा, बंदरात रात्रपाळीचा सुतार आणि माझा नवगावचा बालमित्र. ‘मागनं बघू’ ही माझी जुनी खोड. ते ऐकलं की तो गॅलरीत जातो. अठरा वर्षं जातोय. का, ते मला माहीत आहे, पण मी कधी विचारलं नाही.

२

खोली बघितली. गुरुवारी दुकानातून उशिरा आल्यामुळं मेइरनं पेटी उघडलीच नव्हती. दार धड, खिडकी धड. कॉम्प्युटर जागच्या जागी, टीव्ही जागच्या जागी. चोर असता तर त्यानं यंत्र नेलं असतं. कुणाला मेइरचं वाटोळं करायचं असतं तर सगळीच पेटी नेली असती. इथं बारातल्या नेमक्या दोन निवडल्या होत्या. म्हणजे कुणीतरी निवांत बसून, चष्मा लावून लेबलं वाचली होती.

मग वही सापडली. चौकटी-चौकटीचा कागद. त्यावर मेइर पडद्यावरची चित्रं आधी पेन्सिलीनं काढायचा. तीन पानांवर चौकोनी भोकं होती. कात्रीनं कापलेली, कडा एकदम सरळ.

"इथं काय होतं रे?"

"चिठ्ठी," मेइर म्हणाला. "गोलेमच्या तोंडातली."

सांगूनच टाकतो. आधी त्या चिठ्ठीवर नुसत्या रेघा होत्या. सहा महिन्यांमागं, पुरीमच्या सणाला, दोन पेले चढल्यावर मीच या पोराला म्हटलं होतं, "रेघांनी माती उठते होय? घाल की खरं नाव, खरी चार अक्षरं." देवाचं जे नाव आम्ही तोंडानं उच्चारत नाही, लिहिलं तर पुसत नाही, ते मी थट्टेत पोराच्या खेळात घालायला लावलं. आणि त्यानं घातलं.

हे मी तेव्हा कुणाला बोललो नाही. तपास करणाऱ्यानंच खापर आपल्या डोक्यावर फोडून घेतलं तर पुढं विचारायचं कुणी?

सिपोरा स्वयंपाकघरात शब्बाथचं, म्हणजे शनिवारच्या विसाव्याच्या दिवसाचं, जेवण करत होती. मी काही विचारायच्या आधीच तिनं पदर डोळ्याला लावला.

"दादा, माझ्यामुळं झालं."

"तू घेतल्यास?"

"हात नाही लावला. पण नवस केला होता. पोराचं त्या यंत्रातनं मन उडालं तर एलियाहू हन्नाबीच्या नावानं मलिदा करीन, पाच फळांचं ताट मांडीन. रोज सात वाजता माझं टीव्हीवरचं बंद करून त्याच टीव्हीवर हा त्याचं ते टकटक घेऊन बसतो. कंटाळले होते रे. आता पूर्ण झाला तर मलिदा कुठल्या तोंडानं करू?"

मी म्हटलं, एलियाहू हन्नाबी नवसाला पावणारा संदेष्टा असला तरी फ्लॉप्या न्यायला येत नाही. तिला हसू आलं नाही. मग डोळे पुसून ती कपाटावरून ताटं काढायला लागली आणि सहज बोलून गेली, "एक बरं झालं, सासऱ्यांचं ते फाटकं सिद्दूर एकदाचं हललं इथनं. वर्षानुवर्षं धूळ खात होतं. उशीचा एक अभ्राही सापडत नाही मेला."

प्रार्थनेचं ते मुंबईत छापलेलं पुस्तक मला माहीत होतं. त्याची पानं सुटली होती, पण अबाजी कुणाला त्याला हात लावू देत नसे.

३

दीड वाजता शमाश मोर्देखाय आला. शमाश म्हणजे सिनेगॉगची सगळी कामं बघणारा माणूस. दिवे, पुस्तकं, खुर्च्या, आणि कोण आलं नाही याची नोंद. दर शुक्रवारी तो सिपोराकडे चहाला येतो. त्या दिवशी कमरेवर हात ठेवूनच जिना चढला. बुटांतून वाळू सांडत होती आणि सिपोरा मागून झाडू घेऊन.

"तुम्हीच नेल्यात का हो?" मी सरळ विचारलं. याच माणसानं महिन्यापूर्वी याच टेबलाशी मेइरला सुनावलं होतं, की मातीत जीव घालणं हे माणसाचं काम नव्हे.

"बोललो होतो, खरं आहे," मोर्देखाय म्हणाला. "वाईट वाटलं मागून. पोराचं तोंड एवढंसं झालं होतं. पण दुसऱ्याच्या घरातली वस्तू उचलीन मी, जॉशुआभाई? सकाळी आठपासून कब्रस्तानात होतो. कंबर राहिली नाही."

"कोण गेलं?"

"कुणी नाही."

एवढ्यात चहा आला आणि तो साखरेबद्दल बोलायला लागला. मीही पुढं विचारलं नाही. कुणी गेलं नाही, तर हा माणूस आठ वाजता कब्रस्तानात कंबर मोडेपर्यंत काय खणत होता? लॉस्ट प्रॉपर्टीत असतो तर हा प्रश्न मी तिथंच विचारला असता. म्हातारा झालोय, दुसरं काय.

४

ओरा दोन गल्ल्या पलीकडे राहते. मेइरबरोबर सैन्यात होती. गेमचं अर्धं डोकं तिचं. भांडणही झालं होतं दोघांचं, कारण पहिल्या पडद्यावर नाव एकट्या मेइरचं होतं. माझा पहिला संशय, खरं सांगायचं तर, तिच्यावर.

मेइर आणि मी गेलो तर ती दारातच रडकुंडीला आली. हिनंही काहीतरी केलं होतं. पेताह तिक्वाच्या कंपनीला मेइरच्या नकळत फोन करून तिनं विचारलं होतं, की आणखी एक जागा आहे का. "तुझ्या पाठीमागं केलं," ती मेइरला म्हणाली. "पण फ्लॉप्या मी घेतल्या नाहीत." तिच्याकडे फक्त हनुक्काच्या सणातली, पुरीमच्या आधीची जुनी नक्कल होती, अर्ध्या किल्ल्याची. ती दाखवून नोकरी मिळणार नव्हती.

मेइरनं उरलेल्या दहा फ्लॉप्या बरोबर आणल्या होत्या. त्यांतली एक निव्वळ खेळ साठवायची, म्हणजे अर्धवट सोडलेला डाव तिथं राहतो आणि दुसऱ्या दिवशी पुढं चालू करता येतो. ओरानं ती यंत्रात घातली. तीन डाव निघाले. एक मेइरचा, एक तिचा. तिसऱ्याला नाव नव्हतं.

"हा तुझा?" दोघांनी एकदमच एकमेकांना विचारलं.

तिनं तो जुन्या नकलेवर लावला. पडद्यावर किल्ला आला, आणि किल्ल्यात गोलेमच गोलेम. आम्ही मोजले. चाळीस उभे, आणि विहिरीपाशी एक मातीचा ढीग.

"एवढे कुणी ठेवतच नाही," मेइर म्हणाला. गोलेम उन्हात वाळतो, त्याला रोज पाणी लागतं, आणि विहीर लहान. म्हणून खेळणारा काम झालं की चिठ्ठ्या काढून टाकतो. त्यातच खेळाची गंमत. या माणसानं एकाचीही काढली नव्हती. एकेकाला हाताला धरून विहिरीवर न्यायचं, पाजायचं, परत सावलीत उभं करायचं. किल्ला बांधायचा तसाच राहिला होता. खाली आकडा होता, चार हजार दोनशे चाली.

"आणि शेवटची चाल?"

ओरानं बघितलं. "विहीर आटली. सतरा नंबरची चिठ्ठी काढली. त्यानंतर एकही चाल नाही."

मी विचारलं, "चिठ्ठी काढताना पडद्यावर काय दिसतं?"

"या नकलेत काही नाही," मेइर म्हणाला. "नव्यात चिठ्ठी मोठी होऊन येते, पडदाभर. मग एकेक अक्षर पुसलं जातं."

म्हणजे जोवर चिठ्ठी काढली नाही, तोवर त्यावर काय लिहिलंय ते या माणसाला कळायला मार्गच नव्हता. कळलं ते एकदाच, पुसता पुसता.

चार हजार चाली खेळायला सकाळचं रिकामं घर लागतं. सिपोरा सातला बालवाडीच्या स्वयंपाकघरात जाते, मेइर आठला दुकानात. बंदरातली रात्रपाळी करून सकाळी घरी कोण असतं? आणि झोपतो म्हणून सांगून पडदे ओढून घेतं कोण?

मी मेइरला काही बोललो नाही. घरी येताना वाटेत तो म्हणाला, "अब्बांनी दोन वर्षांत एकदाही विचारलं नाही, मामा, की तू हे काय करतोस."

मला मान वर करून त्याच्याकडे बघवेना.

५

शब्बाथला दुपारी अबाजी गॅलरीत खुर्ची टाकून बसतो. मी शेजारी जाऊन बसलो. खाली पोरं चेंडू खेळत होती.

"अबाजी, तुझ्या बापाचं सिद्दूर कुठंय?"

तो खालच्या चेंडूकडे बघत राहिला.

"मी सांगतो. मागच्या शब्बाथला सिनेगॉगमध्ये मोर्देखायनं पुकारलं असणार, फाटकी पुस्तकं गुरुवारपर्यंत आणून द्या. देवाचं नाव असलेला कागद आपण फेकत नाही, जाळत नाही. माणसासारखा पुरतो. तू गुरुवारी पाळीवर जाताना पिशवी देऊन गेलास. उशीचा अभ्रा, त्यात सिद्दूर, कात्रीनं कापलेले तीन चौकोन आणि दोन फ्लॉप्या. चोर कागद फाडतो. तू कापलेस, अक्षराला धक्का लागू नये म्हणून. आणि ते सिद्दूर या घरातून बाहेर न्यायची छाती दुसऱ्या कुणाची नाही."

अबाजीनं दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. सुताराचे हात. अंगठ्याचं नख जुनं ठेचलेलं.

"माझ्या हातानं पुसलं, जॉशुआ," तो म्हणाला. "मला काय माहीत त्यात खरं नाव आहे? बटण दाबलं आणि ते एवढं मोठं आलं. मी हात धरतोय पडद्यावर. थांबेचना. चारी अक्षरं गेली. बासष्ट वर्षांत शब्बाथला काडी ओढली नाही मी, आणि नाव पुसलं."

"मग पोराला सांगायचं नाही?"

"काय सांगू? तू मूर्खपणा करतोस असं दोन वर्षं म्हणत होतो, आणि मीच रोज सकाळी तुझ्या यंत्राशी बसतो, हे?" तो ते ठेचलेलं नख चोळायला लागला. "त्याची नोकरी जाईल, ते माहीत होतं. तरी नेऊन दिलं. बंदरात येईल, माझ्या शेजारी उभा राहील, असंही एकदा मनात आलं. ते जास्त लागतंय मला."

मग मीही बोललो. पुरीमचं सगळं सांगितलं. नाव मी घालायला लावलं म्हणून. मला वाटलं, चिडेल, निदान शिव्या तरी देईल. त्यानं फक्त मान हलवली, जसं काही माझ्याकडून त्याची हीच अपेक्षा होती.

शब्बाथ उतरल्यावर अबाजी पाळीवर गेला आणि मी मोर्देखायला घेऊन आमचे धर्मगुरू, रब्बी, यांच्याकडे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. पडद्यावरचं नाव म्हणजे उजेड, शाई नव्हे, पुसल्याचं पाप लागत नाही, असं म्हणाले. फ्लॉप्या चुकून पुरल्या गेल्या, त्या काढा. हातानं लिहिलेले चौकोन मात्र आहेत तिथंच राहू द्या.

पाप लागत नाही, हे ऐकून मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

६

रविवारी पहाटे उजाडल्याबरोबर आम्ही तिघं कब्रस्तानात होतो. मोर्देखाय, मेइर आणि मी. मेइरला रात्रीच सगळं सांगितलं होतं. तो चिडला नाही. "चार हजार चाली?" एवढंच त्यानं दोनदा विचारलं.

वाळू कोरडी होती. पोतं लवकर लागलं आणि अभ्रा वरच होता. तोंड पक्क्या दोऱ्यानं शिवलेलं. सिद्दूर, चौकोन, दोन फ्लॉप्या त्यांच्या पाकिटात धड. दोन फ्लॉप्यांच्या मध्ये एक घडी घातलेला कागद होता.

"हे माझं नाही," मेइर म्हणाला. कागदावर मराठी होतं. त्याला ते वाचता येत नाही. "काय लिहिलंय, मामा?"

बंदरातल्या पावतीच्या पाठीवर अबाजीचं सुतारी अक्षर. एक ते एक्केचाळीस आकडे आणि प्रत्येकापुढं नाव. अबाजीनं आपल्या गोलेमांना नावं ठेवली होती. एक, बापू. दोन, एस्थरमावशी. तीन, राहेल, ती लहानपणीच गेली होती. सगळी आमच्या नवगावची आणि मुंबईची माणसं, जी तिकडं राहिली, तिकडंच गेली, ज्यांच्या कबरीवर आता आमच्या रीतीप्रमाणं दगड ठेवायलासुद्धा कुणी नाही. मी मोठ्यानं वाचत गेलो.

सतरावर आलो. सतरा, आई. त्यापुढं बारीक अक्षरात लिहिलं होतं, ‘पाणी संपलं. म्हातारी आहे, मागे राहील, असा विचार केला. पुन्हा तोच.’

ते मी मनातच वाचलं. मोर्देखाय दुसरीकडे बघायला लागला.

"मामा?" मेइर म्हणाला.

मी म्हटलं असतं, की काही नाही, नावंच आहेत. बस साडेसातची होती. पण बावीस वर्षं लोकांचं सामान ज्याचं त्याला दिलं, हे एवढं एक अठरा वर्षं दाबून ठेवलं होतं.

मी ती ओळ वाचून दाखवली. "सतरा म्हणजे तुझी आजी मलका," मी सांगितलं. "अडुसष्ट साली आम्ही निघालो तेव्हा तिचे कागद झाले नव्हते. डोळ्यांचा दाखला अडला होता. तुझा बाप थांबतो म्हणाला. मी त्याला म्हटलं, आधी चल, म्हातारीला मागनं बघू. आठ महिन्यांत ती गेली. शेजाऱ्यांनी पुरली. तो विचार त्याचा नव्हता, मेइर. माझा होता. त्यानं फक्त ऐकलं."

मेइरनं कागद माझ्या हातातून घेतला, घडी घातली आणि खिशात ठेवला. मग खाली बसून सिद्दूर आणि चौकोन हातानं वाळूत लोटले. बसला उशीर होतोय हे मलाच त्याला सांगावं लागलं.

संध्याकाळी तो परत आला, ओरासकट. कंपनीला गेम आवडला. तीन महिने दोघांना बघणार, मग पक्कं. सिपोरा म्हणाली, नवस बुडाला, आता उलटा मलिदा करते.

मेइरनं यंत्र लावलं, खुर्ची ओढली आणि अबाजीला दंडाला धरून आणून बसवलं. पडद्यावर तोच डाव. चाळीस उभे. चिठ्ठीवर आता नुसत्या रेघा. विहिरीत पाणी. आणि ढिगाच्या जागी सतरा नंबर पुन्हा उभा केलेला.

"अब्बा, तिला पाणी द्या," मेइर म्हणाला. मराठीत म्हणाला. मोडकंतोडकं, पण मराठीत.

अबाजी पडद्याकडे वाकला.

"ही ती नव्हे, बाळा," तो म्हणाला. "असं उठवता येत नाही. ती जागा रिकामीच ठेव. हा नवा आहे, त्याला बेचाळीस नंबर दे."

मेइरनं तसं केलं. विहिरीपाशी पुन्हा ढीग आला, आणि बेचाळीसवा त्याच्या शेजारी येऊन थांबला. मेइरनं खिशातून कागद काढून बापाला दिला. अबाजीनं चष्मा लावला, कानामागची पेन्सिल काढली आणि एक्केचाळीसच्या खाली एक नाव लिहिलं. मग कागद माझ्याकडे धरला. मी अजून दारातच उभा होतो.

जॉशुआ, असं लिहिलं होतं.

"तू तिथंच थांब तिच्यापाशी," अबाजी म्हणाला. "पाणी मी देईन."

आणि त्यानं पडद्याकडे तोंड फिरवून एकेक बटण दाबत मला विहिरीवर न्यायला सुरुवात केली.